घरी किट विमान बांधायचंय? आधी शेड, हवामान आणि कागद, किट शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमळनेरजवळ घरामागे २० बाय ३० फुटांचा पत्र्याचा शेड आहे, फिटरचा आयटीआय झालेला आहे, रोज संध्याकाळी दोनेक तास मिळतात आणि दोन आसनी, धातूचं किट विमान (सुटे भाग मागवून स्वतः जोडायचं विमान) बांधायचं मनात आहे. मागवण्याआधी काय काय करून ठेवावं?

किट सगळ्यात शेवटी मागवा. किटची पेटी, म्हणजे क्रेट, दारात आली की हात शिवशिवतात, आणि मग शेड अर्धवट, परवानगीचा पत्ता नाही, रिव्हेटिंगची (खिळे चेपून पत्रे कायमचे जोडण्याची) सवय नाही अशा अवस्थेत काम सुरू होतं. अर्ध्यावर अडकलेली बहुतेक विमानं अशीच अडकतात.

सुरुवात कागदापासून. भारतात विमानाची नोंदणी आणि उड्डाणयोग्यता डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) हातात आहे. १९३४ चा विमान कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. किट कंपन्यांचं सगळं साहित्य मात्र अमेरिकेच्या नियमाला धरून लिहिलेलं असतं. तिथे निम्म्याहून जास्त काम मालकाने शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केलं असं दाखवता आलं, की विमान हौशी बांधणीच्या प्रायोगिक वर्गात बसतं. एखादं किट तिकडच्या यादीत आहे म्हणून इथे ते आपोआप मान्य होत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी डीजीसीएला किटचं नाव, वजन आणि इंजिन कळवून तीन गोष्टी लेखी विचारा: हे विमान कोणत्या वर्गात नोंदलं जाईल, आयातीसाठी कोणती परवानगी लागेल आणि बांधणीच्या कोणत्या टप्प्यांवर कोण तपासणी करेल. तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि तोच सगळ्यात महाग पडतो. पंखाचा खालचा पत्रा एकदा रिव्हेट झाला, की आतल्या रिब (फासळ्या) आणि स्पार (पंखाची मुख्य तुळई) तपासायला तो उघडूनच द्यावा लागतो.

या वाटेला किती वेळ लागू शकतो याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान किटचं नव्हतं, आराखडाही त्यांचाच होता. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं ते विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. त्याची चाचणी उड्डाणं पुढे आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाली. तयार आराखड्याच्या किटला एवढा काळ लागेलच असं नाही, पण कागदाला महिने द्यायची तयारी ठेवा. हे महिने वाया जात नाहीत, शेड आणि सराव त्यातच उरकतो. बांधायला वैमानिकाचा परवाना लागत नाही, उडवायला लागतो. खाजगी परवान्याला लागणारे उड्डाणाचे किमान ४० तास याच काळात सुरू करता येतात.

आता किट कोणतं. एकट्याने, रोज दोन तास काम करणाऱ्याने पहिला विचार रिव्हेटच्या जातीचा करावा. व्हॅन्स या अमेरिकी किट कंपनीच्या आरव्ही-७, आरव्ही-९ सारख्या विमानांत भरीव रिव्हेट असतात, दहा हजारांहून जास्त. पंख आणि फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) पत्र्यांवर एकाने बाहेरून हवेवर ठोके देणारी गन धरायची आणि दुसऱ्याने आतून बकिंग बार, म्हणजे रिव्हेट ज्यावर चेपला जातो तो जड ठोकळा. म्हणजे कायमचा जोडीदार हवा, आणि आवाज इतका की गल्लीत भांडण ठरलेलं. व्हॅन्सचं आरव्ही-१२ किंवा झेनिथची सीएच मालिका यांत बहुतांश ओढून बसवायचे पॉप जातीचे रिव्हेट आहेत. एक माणूस, एक हवेचा पुलर, फारसा आवाज नाही. आरव्ही-१२ चे पंख काढता येतात, त्यामुळे घरून धावपट्टीवर नेणं सोपं. त्याला साधारण ७०० ते ९०० तास धरतात, भरीव रिव्हेटच्या आरव्हीला १,५०० ते २,०००. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे लग्नसराई आणि सणवार वजा जाता वर्षाला जेमतेम ५००-६०० तास हाती पडतात. तुमच्यासाठी माझा कौल ओढायच्या रिव्हेटच्या बाजूने आहे. फिटरचा हात असल्यामुळे भरीव रिव्हेट जमतील यात शंका नाही, प्रश्न दुसऱ्या माणसाच्या वेळेचा आहे.

पैशाबद्दल दोनच गोष्टी. सांगाड्याचं किट हा एकूण खर्चाचा साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग असतो. इंजिन, प्रोपेलर, उपकरणं, रंग, वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं. आणि सगळं एकदम बुक करू नका. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅन्स एअरक्राफ्टने अमेरिकेत चॅप्टर ११ खाली दिवाळखोरी संरक्षण घेतलं, तेव्हा आधीच अनामत भरलेल्या ग्राहकांनाही वाढीव किमती स्वीकाराव्या लागल्या. कंपनी त्यातून बाहेर आली, पण धडा कुठल्याही कंपनीला लागू आहे: आधी फक्त शेपटाचं किट, ते संपत आलं की पंखांचं.

इंजिन निवडताना आपलं ऊन हिशोबात घ्या. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २५५ मीटरवर आहे. मे महिन्यात ४४ अंश तापमानाला तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या सुमारे ४,५०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. टर्बो नसलेलं १०० अश्वशक्तीचं इंजिन तिथे ८५ च्या आसपास देतं, पंखाची उचल आणि प्रोपेलरची ओढही कमी होते आणि धाव लांबते. ब्रोशरमधला टेकऑफचा आकडा समुद्रसपाटीला १५ अंशांचा असतो. ज्या किटला दोन इंजिनांचा पर्याय आहे तिथे मोठं घ्या, आणि ऑइल कूलर व रेडिएटर उष्ण प्रदेशासाठीचा आहे का ते विचारा.

इंधनाची गाठही इथेच आहे. छोट्या विमानांत असणाऱ्या रोटॅक्स ९१२ मालिकेच्या इंजिनांना मोटारीचं पेट्रोल चालतं, पण १० टक्के इथेनॉलपर्यंतच. आता पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल २० टक्क्यांचं. जास्त इथेनॉलने होजा आणि सीलंट खराब होतात, पाणी ओढलं जातं आणि उन्हात व्हेपर लॉकचा (नळीत इंधनाची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचा) धोका वाढतो. ॲव्हगॅस १००एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, रोटॅक्सला चालतं, मात्र शिसं असल्यामुळे त्यावर नियमित चालवलं तर ऑइल २५ तासांनी बदलावं लागतं. धुळे, शिरपूर, जळगाव या भागातल्या प्रशिक्षण संस्थांना विचारा की त्यांचं इंधन कसं येतं आणि त्यातून खाजगी विमानाला मिळेल का. हे उत्तर मिळाल्याशिवाय इंजिन नक्की करू नका.

आता शेड. २० बाय ३० पुरेसा आहे, पण पंख लावलेलं विमान ठेवून भोवती काम करायला त्यात जागा उरणार नाही. आरव्ही-१२ च्याच पंखांचा विस्तार पावणेसत्तावीस फूट आहे. घरी सांगाडा, वायरिंग आणि इंजिन बसवणं होईल. शेवटची जुळणी धावपट्टीवरच्या हँगरमध्ये, आणि त्या जागेचं बोलणंही आत्ताच करून ठेवा. दार किमान दहा फुटी हवं, कारण आडवं शेपूट लावलेला सांगाडा आठ फुटांवर जातो. शेडपासून रस्त्यापर्यंतची वाट टेपने मोजा. विजेचा खांब, गटार, शेजाऱ्याची पायरी हे सगळं त्या दिवशी आडवं येतं.

जमीन काळी असेल तर फरशी हलते. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पातळ कोब्याला तडे जातात. पंख जुळवताना त्याला पीळ बसता कामा नये. चार इंचांचं काँक्रीट असलं तरी प्रत्येक टेबलाच्या पायाला लेव्हल करायचा स्क्रू लावा आणि पंखाचं काम करताना दर आठवड्याला डिजिटल लेव्हलने तपासा.

नुसत्या पत्र्याखाली मे महिन्यात काम होणार नाही. माणसाला सोसणार नाही हे झालंच, पण ॲल्युमिनियमही त्रास देतं. तापमानात एका अंशाचा फरक पडला की ते एका मीटरमागे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. अडीच मीटरचा पत्रा दाराशी उन्हात पडला आणि आतल्या गार स्पारपेक्षा २० अंशांनी तापला, तर तो सुमारे १.१५ मिलिमीटरने लांब होतो. भोक आणि रिव्हेट यांच्यातली मोकळीक असते एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. मग एका टोकाची भोकं जुळतात, दुसऱ्या टोकाची नाहीत, आणि नवखा माणूस ड्रिल घालून ती मोठी करतो. तसं करू नका. जोडायचे सगळे भाग रात्रभर एकाच सावलीत ठेवा आणि सकाळी जोडा. छताखाली पफ पॅनेल किंवा थर्माकोलचं फॉल्स सीलिंग, वर दोन टर्बो व्हेंटिलेटर आणि पश्चिमेची भिंत बंद, एवढ्याने मोठा फरक पडतो. शेजारी जिनिंग असेल किंवा शेडमध्ये कापूस साठत असेल तर दारं-खिडक्यांना बारीक जाळी लावा. ओल्या प्रायमरवर बसलेला कापसाचा तंतू घासूनच काढावा लागतो. मळ्यातलं केळीचं पॅकिंग शेड प्रशस्त दिसतं, पण तिथे धुण्याचे हौद असतात आणि हवा कायम दमट. पत्रा साठवायला ती जागा वाईट.

वीज घरगुती किंवा व्यावसायिक जोडणीचीच वापरा. शेतीपंपाच्या लाईनवर हे काम चालवता येत नाही, आणि ती लाईन पाळीने येते ती वेगळीच. २ एचपीचा, १०० लिटर किंवा मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर पुरतो. त्याला रेग्युलेटर आणि पाणी पकडणारा फिल्टर अत्यावश्यक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये टाकीत रोज पाणी साचतं आणि तेच स्प्रेगनमधून प्रायमरवर येतं. रोज संध्याकाळी टाकीचा खालचा कॉक उघडा.

खानदेशात बांधणीचं वेळापत्रक मॅन्युअलच्या क्रमापेक्षा ऋतूवर ठरतं. इंधन टाकीला लागणारं पॉलिसल्फाइड सीलंट बी-२ जातीचं असेल तर २५ अंशांना ते साधारण दोन तास लावण्याजोगं राहतं. तापमान सहा अंशांनी वाढलं की हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ३१ ला एक तास, ३७ ला अर्धा, ४३ ला पंधरा मिनिटं, आणि पंधरा मिनिटांत एक रिबही धड बसत नाही. म्हणून टाक्या डिसेंबर-जानेवारीत, दुपारच्या वेळी. सीलंट आधीपासून आणून ठेवू नका. डब्यावर मुदत छापलेली असते आणि ती महिन्यांतच संपते. बहुतेक सीलंट वजनाने १० ला १ मिसळतात, तेव्हा सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, डोळ्यांच्या अंदाजाने मिसळलेलं चिकट राहतं. फायबरग्लासचं कामही हिवाळ्यातच; मे महिन्यात इपॉक्सी कपातच तापून दगड होतं. प्रायमर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. याच्या उलट कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण. ॲक्रिलिक थंडीत कडक होतं आणि कापताना किंवा भोक पाडताना तडकतं, त्यामुळे ते मार्चमध्ये, ३० अंशांच्या वर, ॲक्रिलिकसाठी धार लावलेल्या ड्रिलनेच. पावसाळ्यात आतली पत्र्याची कामं चालू ठेवा. एप्रिल-मे वायरिंगला आणि कागदांना, किंवा पहाटे सहा ते नऊ.

हत्यारांत इथलं काय आणि बाहेरचं काय हे नीट पाहा. टेबलं इथेच बनवा: पाच बाय दोन फुटांची दोन, वर १९ मिलिमीटर प्लाय किंवा जुना सपाट फ्लश डोअर, उंची तुमच्या कंबरेच्या जराशी वर. कॉम्प्रेसर, बेंच ड्रिल, व्हाइस, ग्राइंडर, कानशी, एलईडी ट्यूब हे जळगाव-धुळ्यात सहज मिळतं. क्लेको (भोकांत घालून पत्रे तात्पुरते धरणाऱ्या पिना) आणि त्यांची पक्कड, डिंपल डाय (भोकाभोवती खळगा पाडणारे साचे), रिव्हेट चेपणारा हाताचा स्क्वीझर, रिव्हेट सेट, मायक्रोस्टॉप काउंटरसिंक (ठरावीक खोलीपर्यंतच भोकाचं तोंड तिरकं कापणारं हत्यार), रीमर हे विमानाच्या हत्यारांच्या दुकानातूनच मागवा. क्लेको रंगाने ओळखतात: चंदेरी ३/३२ इंचाच्या भोकाला, तांब्याच्या रंगाचे १/८ ला. भरीव रिव्हेटच्या किटला चंदेरी ३०० आणि तांबडे १५०-२०० धरा. ओढायच्या रिव्हेटच्या किटला प्रमाण उलटं होतं. कमी क्लेको घेऊन पैसे वाचवले की पत्रा मधेच फुगतो.

ड्रिलचे नंबर इंची आहेत. ४० नंबर म्हणजे २.४९ मिलिमीटर, तिथे आपलं २.५ चं ड्रिल अडीअडचणीला चालतं. ३० नंबर म्हणजे ३.२६, बाजारातलं ३.२ घट्ट होतं आणि ३.५ ने भोक वाया जातं. नंबरचीच ड्रिल डझनाने मागवा. टॉर्क पान्ह्याचंही तसंच. एएन३ (विमानाच्या एएन मालिकेतल्या) बोल्टला २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर, आणि एएन४ ला ५० ते ७० इंच-पाउंड. गॅरेजमधल्या पान्ह्याचं मापच बहुधा याच्या वर सुरू होतं, त्याने बोल्ट तुटेल. नायलॉनच्या लॉकनटला फिरतानाच जो विरोध असतो तो मोजून या आकड्यात मिळवायचा.

बोल्ट मात्र एकही स्थानिक लावायचा नाही. ८.८ ग्रेडचा बोल्ट ताकदीला एएनच्या जवळपास जातो, हे खरं. पण विमानाच्या बोल्टमध्ये भार आटे नसलेल्या गुळगुळीत दांड्यावर यावा लागतो आणि ती लांबी सोळाव्या-आठव्या इंचाच्या पायऱ्यांत नेमकी मिळते. बाजारातल्या बोल्टचे आटे भोकात येतात, भोक कुरतडलं जातं आणि जोड ढिला होतो. शिवाय कॅडमियमचा लेप नसतो आणि माल कुठून आला याचा कागदही नसतो.

सराव किटआधीच. कंपन्या छोटं सराव किट विकतात, ते घ्या, आणि त्याशिवाय ०.०३२ इंच पत्र्याच्या पट्ट्यांवर दोनेकशे रिव्हेट मारा. भरीव रिव्हेट पत्र्याबाहेर दांड्याच्या व्यासाच्या दीडपट उरला पाहिजे. चेपल्यावर बनलेलं डोकं दीडपट रुंद आणि निम्मं उंच. ३/३२ च्या रिव्हेटला म्हणजे ३.६ मिलिमीटर रुंद, १.२ उंच. गनचा दाब साधारण ३५ ते ४० पीएसआय पासून सुरू करा. डोकं तिरकं झालं तर बहुतेक वेळा बकिंग बार तिरका असतो. पत्रा खोलगट झाला तर गनवरचा दाब अंगाचा कमी आणि हवेचा जास्त. काढायचा रिव्हेट डोक्याच्या खोलीपर्यंतच ड्रिल करा, पंचने डोकं तोडा, मागे आधार देऊन दांडा ढकला. थोडा वाकडा, पण मापात बसणारा रिव्हेट तसाच राहू द्या. काढताना भोक लांबट होतं आणि मूळ दोषापेक्षा मोठा दोष तयार होतो. भोक मोठं झालंच तर लहान डोक्याचे, जाड दांड्याचे 'ऊप्स' रिव्हेट मिळतात, शंभरेक घेऊन ठेवा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट अंतर हवंच.

फिटरला सोडाव्या लागणाऱ्या काही सवयी आहेत. ॲल्युमिनियमवर पेन्सिल किंवा सुईने मार्किंग नाही. ग्राफाइटने गंज धरतो आणि सुईच्या रेघेतून तडा सुरू होतो. बारीक मार्कर वापरा. लोखंडावर चाललेली कानस ॲल्युमिनियमवर नाही, ग्राइंडर पत्र्यापासून लांब, स्टील वूल शेडमध्येच नको. बर (भोकाच्या कडेला राहिलेली धार) काढताना काउंटरसिंकचं टूल दोन बोटांत धरून एक-दोन वेढे पुरे. कोन दिसेपर्यंत फिरवलं की ०.०२० इंचाचा पत्रा भोकाशी सुरीच्या धारेसारखा पातळ होतो.

नोंदवही पहिल्या सरावाच्या दिवसापासून ठेवा: तारीख, तास, मॅन्युअलचं पान, फोटो. फोटोत तुमचे हात आणि बंद होण्याआधीची आतली बाजू दिसू द्या. प्रत्येक बिल आणि प्रमाणपत्र एका फाइलमध्ये, स्कॅन वेगळं. प्रशिक्षण संस्थेतल्या एखाद्या परवानाधारक देखभाल अभियंत्याला सरावाच्या पट्ट्या दाखवा. पुढे तपासणीला त्यांचाच उपयोग होईल.

शेपटाचं किट न्हावा-शेवाला उतरलं की कस्टममध्ये क्रेट उघडली जाण्याची शक्यता धरून चाला. घरी आल्यावर झाकण काढण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो घ्या, मग पॅकिंग लिस्टप्रमाणे एकेक नग मोजा. रिव्हेट मोजायचे नसतात, पिशवीवरच्या वजनाशी ताडायचे. कमी भरलेला माल कळवायला कंपनी ठरावीक मुदत देते, त्यामुळे हे काम त्याच आठवड्यात उरका. पत्र्यांना दमट कागद लागलेला असेल तर लगेच वेगळा करा, नाहीतर पांढरे डाग पडतात. पत्रे उभे, कोरड्या फळीवर ठेवा. निळी प्लास्टिकची फिल्म वर्षभर तशीच राहू देऊ नका. आपल्या उन्हात तिचा गोंद पत्र्याला भाजून बसतो आणि खाली ओल अडकली तर गंजही धरतो. ज्या भागांवर दोन-तीन महिन्यांत काम होणार नाही त्यांची फिल्म काढून, पत्रे पुसून, मध्ये कोरडा कागद घालून रचून ठेवा.